गांवच्या जुन्या शाळेची कोशांत नोंद व्हावी काय ?

(एका गांवच्या मराठी शाळेच्या आवारांत, ग्रामस्थ व माजी विद्यार्थी यांच्या सभेंत केलेलें भाषण)

बंधुभगिनींनो, आणि पुढें सतरंजीवर बसलेल्या बाळांनो,

आज आपण ज्या कारणासाठीं जमलों आहों तें ऐकून पलीकडच्या गांवचे लोक हंसतील. पेरणी तोंडावर आली असतां गांवानें औतें सोडून सभा भरवावी, आणि ती कशासाठीं ? तर आपल्या शाळेचें नांव ज्ञानकोशांत येत नाहीं म्हणून ! कोणी म्हणेल, कोशांत नांव आल्यानें बाजरीला भाव चढणार आहे काय ? नाहीं चढणार. तरीहि आम्हीं हें निमंत्रण स्वीकारलें, कारण आम्ही याच शाळेचे. समोरच्या ओसरीवर बसून आम्हीं पाढे घोकले आहेत आणि न आल्याबद्दल छड्याहि खाल्ल्या आहेत.

झालें तें असें. गांवांतल्या चार शिकलेल्या पोरांनीं मिळून शाळेवर एक टिपण लिहिलें आणि एका कोशाच्या मंडळींकडे पाठविलें. महिन्याभरानें दोन ओळींचें उत्तर आलें : ही प्राथमिक शाळा आहे, हिच्याविषयीं इतरत्र कोणीं कांहीं लिहिलेलें आढळत नाहीं, सबब स्वतंत्र नोंदीस पात्र नाहीं. पोरें संतापलीं. पारावर बैठक झाली. एक म्हणाला, गरिबाच्या शाळेला कोण विचारतो ? दुसरा म्हणाला, शहरांतल्या एखाद्या कॉन्व्हेंटचें टिपण असतें तर छापलें असतें. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली शाळा, आणि तिला पात्रता नाहीं म्हणतात ! आम्हांला बोलाविलें तें बहुधा या कोशवाल्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून. सुनवूं, पण अगोदर आपल्या अंगणाचा केर काढूं.

आम्हीं तें उत्तर तीन वेळां वाचलें. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाईट वाटलें. तिसऱ्यांदा वाचल्यावर असें दिसलें कीं त्यांतलें अर्धें खरें आहे.

ज्ञानकोश म्हणजे काय ? आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ती कणगी आहे. कणगींत धान्य भरतांना आपण काय करतों ? वाळवतों, पाखडतों, चाळतों आणि मग भरतों. एक पायली ओलें धान्य आंत गेलें तर वर्षाची सगळी बेगमी बुरसते. कोशाचा संपादक चाळण घेऊन बसलेला असतो तो यासाठींच. "आमची शाळा फार थोर" हें आम्हींच लिहावें आणि त्यांनीं तें छापावें, असें चालूं लागलें तर उद्यां प्रत्येक पुढारी आपल्या बैठकीच्या खोलीचा इतिहास लिहून पाठवील ! म्हणून ते विचारतात कीं, ज्याला तुमच्या मोठेपणापासून कांहीं लाभ नाहीं अशा दुसऱ्या कोणीं तुमच्याविषयीं काय लिहिलें आहे ? हा प्रश्न वाजवी आहे. सोसायटीकडे कर्ज मागतांना आपला सातबारा आपण घरीं लिहून नेत नाहीं. तो तलाठ्याचाच लागतो.

इथपर्यंत आम्ही कोशवाल्यांच्या बाजूचे. आतां आपली बाजू.

चाळण सर्वांना सारखी आहे हें खरें. पण खळ्यापर्यंत कोणाचें धान्य पोंचलें हेंहि पाहावयास नको काय? डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९२० च्या पुढच्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग काढले. वर्गणीदार गोळा करीत, पदरचें झिजवीत एका माणसानें केलेलें तें काम थोर आहे. पुढें वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश निघाला, त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. हे ग्रंथ आम्हीं चाळले आहेत, त्यांपासून पुष्कळ शिकलों आहों. त्यांत संस्थानें आहेत, जिल्हे आहेत, राजे आहेत, ग्रंथकार आहेत. असावेतच. संस्थानाला दप्तर होतें, दप्तराला कारकून होता, कारकुनाला पगार होता, म्हणून संस्थानाची नोंद सोपी. कुणब्याच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या पोरांची शाळा मात्र मारुतीच्या देवळांत नाहींतर चावडींत भरली. तिचा इतिहास लिहावयास कारकून कोणीं ठेवावा ?

सरकारनें लिहिलें, नाहीं असें नाहीं. पुणें आणि सातारा जिल्ह्यांचे मोठाले गॅझेटियर १८८५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शिक्षणावर प्रकरण आहे. शाळा किती, मुलें किती, खर्च किती, सगळें आहे. म्हणजे शाळा आली ती आंकड्यांत आली. मास्तर ओलें धोतर वाळवीत कोणत्या देवळांत राहत, मुलें सुगीला कां गळत, कोण आंत बसे आणि कोण बाहेर, हें आंकड्यांत कसें दिसावें ?

आणि हा खर्च कोणाचा होता ? १८६० नंतर मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाऊं लागला. म्हणजे ज्याच्या घरांत एकहि अक्षर नव्हतें तो आण्याच्या रूपानें शाळेची वर्गणी भरीत होता. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण-मंडळापुढें जें लेखी निवेदन दिलें त्याचा गाभा हाच आहे. पैसा रयतेचा, आणि शिक्षण वरच्या थराचें ! इलाख्यांतल्या दहांपैकीं जवळ जवळ नऊ गांवांत शिक्षणाची सोयच नाहीं, हें त्यांनीं तेथें मांडलें. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्या, त्यांना बारा रुपयांखालीं पगार देऊं नका, मोडी-बालबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे मूळ धडे शिकवा, असें त्यांनीं सांगितलें. कॉलेजांविषयीं बोलणारे त्या काळीं पुष्कळ होते. मारुतीच्या देवळांतल्या शाळेविषयीं इतक्या तपशिलानें बोलणारा हा माणूस निराळा. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, प्राथमिक शाळा ही गोष्टच क्षुल्लक, तिच्यांत लिहिण्याजोगें काय असणार, अशी जर कोणा संपादकाची समजूत असेल तर ती साफ चुकीची आहे.

पण पोरांनो, तुमचीहि एक समजूत चुकीची आहे. तुमच्या टिपणाचा सगळा भर "शंभर वर्षांहून जुनी" या एका गोष्टीवर आहे. जुनेपणा ही पात्रता नव्हे. आपल्या वेशीबाहेरचा वड शाळेहून जुना आहे.

उदाहरण घ्या. पुण्याच्या बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली. ती किती वर्षें चालली ? वर्षें कशाचीं, थोड्याच काळांत तिच्यांत खंड पडला ; दोघांना घर सोडावें लागलें. पुढें १८५१ पासून त्यांनीं पुन्हां शाळा उभ्या केल्या. म्हणजे वयानें पाहूं जातां आपली शाळा त्या शाळेच्या कितीतरी पट मोठी. तरी कोणत्याहि कोशांत त्या शाळेला जागा मिळालीच पाहिजे, आणि तिच्याविषयीं लिहिलेलेंहि पुष्कळ सापडतें. १८५२ च्या नोव्हेंबरांत विश्रामबाग वाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारनें जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत या शाळांची चर्चा झाली. आणि सगळ्यांत वजनदार पुरावा कोणता म्हणाल तर तो एका विद्यार्थिनीनें स्वतः लिहिला. मुक्ता साळवे, मांग समाजाची सुमारें चौदा वर्षांची मुलगी, हिनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. शाळेनें काय केलें हें सांगणारी याहून मोठी साक्ष कोणती हवी ? इमारत नको, घंटा नको, शंभर वर्षें नकोत. एका मुलीच्या हातीं लेखणी आली आणि ती आपल्या लोकांविषयीं बोलली.

त्याच शाळेची दुसरी बाजू पाहा. ती १८४८ सालीं निघाली यावर एकमत आहे, पण कोणत्या महिन्यांत, यावर नाहीं. कोणी जानेवारीची पहिली तारीख धरतात, कोणी ऑगस्ट म्हणतात. एवढी मोठी गोष्ट, आणि तिचा दिवस नक्की नाहीं ! पहिल्या दिवसाचा पट हातीं लागला असता तर हा वाद राहिला नसता. तो वाडाहि कित्येक वर्षें दुकानांच्या गर्दींत पडका होता, मालकीची भांडणें कोर्टांत चालू होतीं. शेवटीं २०२३ च्या डिसेंबरांत, वरच्या कोर्टाचा निकाल झाल्यावर, स्मारकासाठीं तो पाडण्यांत आला. देशानें ज्या शाळेला मान दिला तिच्या घराची ही गत. तर आपल्या शाळेच्या कागदांची काय असेल?

त्या कागदांकडे येतों. पण मध्यें एक कडू गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, आणि ती आम्ही मुद्दाम या आवारांत सांगतों.

धारवाड त्या काळीं मुंबई इलाख्यांत होतें. तेथल्या सरकारी शाळेंत १८५६ सालीं एका महार मुलानें प्रवेश मागितला. त्याला नकार मिळाला. त्यानें सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारनें सहानुभूति दाखविली, पण एका मुलासाठीं बाकीच्यांचा रोष पत्करतां येत नाहीं अशा अर्थाचा निर्णय दिला. प्रकरण वरपर्यंत गेलें, आणि अखेर सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असें विलायतेहून तत्त्वतः ठरलें. तत्त्वतः ! ती शाळा आज इतिहासांत आहे, पण कशासाठीं ? तिनें कोणाला शिकविलें म्हणून नव्हे, कोणाला दारांत अडविलें म्हणून. नोंद म्हणजे नेहमींच मानपत्र असतें असें समजूं नका.

आतां तुमचें टिपण. त्यांत शाळेंतून शिकून गेलेल्या मामलेदारांचीं, डॉक्टरांचीं, इंजिनियरांचीं नांवें आहेत. आनंद आहे. पण गेल्या आठवड्यांत आम्ही बौद्धवाड्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे जाऊन बसलों होतों. आम्ही त्यांना आबा म्हणतों. आम्हीं विचारलें, "आबा, तुमचे वडील या शाळेंत होते का ?" आबा म्हणाले, "होते कीं. पर आंत न्हवं. भाईर, पायरीखालीं. मास्तर पाटी हातांत घेत नसत, लांबूनच बघत. पावसाळ्यांत तेवढी सुट्टी मिळायची, कारन पायरीखालीं पाणी साठायचं." हें सांगतांना आबा हंसले. आम्हांला हंसूं आलें नाहीं. ती पायरी अजून आहे, आपण सगळे आज तीच चढून आलों.

हें तुमच्या टिपणांत नाहीं. कां नाहीं ? तुम्हांला ठाऊक नव्हतें म्हणून असेल तर क्षम्य आहे. शाळेची शोभा जाईल म्हणून वगळलें असेल तर मात्र तुमच्यांत आणि ज्यांच्यावर तुम्ही रागावलां त्यांच्यांत फरक काय राहिला ? ज्याच्या हातीं लेखणी आली त्यानें आपल्यापुरतें लिहिलें, एवढेंच झालें. शाहूमहाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, मूल शाळेंत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला रुपया दंड ठेवला, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. १९२३ सालीं रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत ठराव आणला कीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, आणि तो मंजूर झाला. हे हुकूम, हे ठराव कोशांत आहेत. पण हुकूम निघाल्यावर आपल्या गांवांत पायरीखालचीं मुलें पायरी चढून आंत केव्हां आलीं ? त्याच वर्षीं ? दहा वर्षांनीं ? कोणत्या मास्तरांनीं आंत घेतलीं, आणि त्या दिवशीं वर्गांतून किती मुलें उठून गेलीं ? हें कोणत्याहि सरकारी ग्रंथांत मिळणार नाहीं. हें सांगेल तर आपली शाळाच सांगेल. आमच्या मतें शाळेची नोंद लिहिण्याजोगी होते ती इथें.

आणि सांगण्याचें साधन तिच्यापाशीं आहे. तें म्हणजे रजिस्टर.

साताऱ्याच्या एका सरकारी शाळेंत, जिला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं एका मुलाचें नांव इंग्रजी पहिलींत दाखल झालें. रजिस्टरांत १९१४ या नंबरापुढें 'भिवा रामजी आंबेडकर' असें लिहिलें गेलें. ज्या कारकुनानें किंवा मास्तरानें ती ओळ लिहिली त्याला त्या दिवशीं काय कल्पना असणार ? त्याच्या दृष्टीनें तो एक नंबर होता. त्यानें ओळ नीट लिहिली, शाळेनें रजिस्टर नीट ठेविलें, म्हणून आज तो दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सरकारनें तसें २०१७ सालीं ठरविलें. ती प्राथमिक शाळा नव्हे हें आम्हांला ठाऊक आहे. पण आम्ही शाळेविषयीं बोलत नाहीं, त्या एका ओळीविषयीं बोलतों.

त्या ओळीची किंमत तुम्हांला वेगळ्या वाटेनें कळलेली आहेच. जातीच्या दाखल्यासाठीं १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो तेव्हां तुम्ही कोठें धांवतां ? शाळेकडेच ना ! कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं जी समिति नेमली गेली तिच्या कामांतहि शाळांचीं जुनीं रजिस्टरें उघडलीं गेलीं. आज्याच्या नांवापुढें काय लिहिलें आहे हें पाहण्यासाठीं अख्खीं घराणीं शाळेच्या दारांत उभीं राहिलीं. ज्या वहीला एरव्हीं कोणी हात लावीत नव्हतें तिची झेरॉक्स काढावयास रांग लागली. दाखला मिळाला कीं मग वहीचें काय झालें हें विचारावयास मात्र कोणी आलें नाहीं.

तें आम्ही सांगतों. मागल्या पंधरवड्यांत गुरुजींच्या परवानगीनें आम्हीं ऑफिसांतली जुनी पेटी उघडली. गुरुजींना यांत दोष नाहीं, ते दोन वर्षांपूर्वीं आले. वरच्या चार वह्या धड आहेत. त्यांखालच्या वाळवीनें एका अंगानें खाल्ल्या आहेत. आणि त्यांहूनहि जुन्या, सगळ्यांत पहिल्या, पेटींत नाहींतच. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, फार वर्षांपूर्वीं छप्पर बदलतांना एक पोतें रद्दींत गेलें. कोणीं दिलें, कोणीं घेतलें, याचा उलगडा करीत बसण्यांत आतां अर्थ नाहीं. ती रद्दी आपल्याच बाजारांत वजनावर विकली गेली असेल आणि तिच्या पुड्यांतून आपणच शेंगदाणे खाल्ले असतील.

उरलेल्या वह्या आम्हीं दोन रात्रीं वाचल्या. काय वाचलें म्हणून सांगूं ! बापाच्या धंद्याचा रकाना पाहा. शेती, शेती, मोलमजुरी, सुतारकी, शेती, चांभारकी, मेंढपाळ, शेती. हा आपल्या गांवचा इतिहास आहे, आणि तो कोणा राजाच्या इतिहासापेक्षां आम्हांला अधिक गोड लागला. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना पाहा. "शेतकामास लागला." "गुरें राखण्यास." "गांव सोडलें." "लग्न झालें." लग्न झालेली ती मुलगी तिसरींत होती. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षीं "गांव सोडलें" हे दोन शब्द इतक्या वेळां आले आहेत कीं लिहिणाऱ्यानें पुढें पुढें नुसत्या टिंबांनीं काम भागविलें आहे. त्या वर्षीं खडी फोडावयास कोण कोण गेलें तें तुमच्या घरांतलीं वडीलधारीं माणसें सांगतील. वहींत त्यांच्या मुलांचीं टिंबें आहेत. दुसरी एक वही आहे, तिला शेरेबुक म्हणतात. तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे त्यांत आहेत. एकानें लिहिलें आहे, छप्पर गळतें. त्यानंतरच्यानें लिहिलें आहे, छप्पर गळतें. तिसऱ्यानें लिहिलें आहे, मागील शेऱ्याची पूर्तता व्हावी. असें पंधरा वर्षें चाललें आहे ! हा विनोद कोशांत बसणार नाहीं, पण शाळा कोणाच्या जिवावर चालली तें यावरून समजतें. अखेर छप्पर बदललें तें गांवानें. लांकूड पाटलांच्या मळ्यांतलें, काम सुतारांचें, आणि घंटा म्हणून टांगलेला तो रुळाचा तुकडा लोहारांच्या भात्यापुढून आलेला. त्यांचीं नांवें भिंतीवरच्या संगमरवरी पाटींत नाहींत. पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचें नांव आहे.

आतां निकाल द्यावयाचा तर तो आम्ही असा देतों. प्रत्येक जुन्या प्राथमिक शाळेला कोशांत स्वतंत्र नोंद हवी असें आमचें म्हणणें नाहीं. गांवोगांव शाळा आहेत. सगळ्यांची नोंद एकाच सांच्याची झाली, अमुक सालीं निघाली, अमुक खोल्या, अमुक मुलें, तर तिनें वाचणाऱ्याला कांहींच मिळणार नाहीं. अशा शाळेची जागा त्या गांवच्या नोंदींत दोन ओळींची आहे, आणि तींत कमीपणा नाहीं. पण जिच्या कागदांवरून एखादी गोष्ट प्रथमच कळते, ठराव आणि कायदे यांच्या खालीं खेड्यांत काय घडलें तें जी दाखवूं शकते, ती शाळा प्राथमिक आहे एवढ्याच कारणानें तिला बाहेर ठेवणें हा अन्याय आहे. हायस्कूल तेवढें मोठें आणि मराठी शाळा लहान, ही प्रतवारी ज्यांना हायस्कूल परवडलें त्यांची आहे. आपल्या घरांतल्या तीन पिढ्यांचें सगळें शिक्षण सातवीला, फार तर व्हर्नाक्युलर फायनलला संपलें. आपलें कॉलेज हेंच होतें.

आपली शाळा अशी आहे काय ? असूं शकेल. आज नाहीं. कारण तिच्या पोटांतलें बाहेर कोणीं आणलेलें नाहीं, आणि तोंवर कोशवाले म्हणतात तें बरोबर आहे. त्यांच्यावर मोर्चा नेण्यापूर्वीं पेटी उघडावी लागेल.

काय करावयाचें तें सांगतों. ज्या वह्या धड आहेत त्यांच्या पानापानाचे फोटो काढावयाचे. मोबाईल सगळ्यांपाशीं आहे, त्यावर लग्नाचे हजार फोटो आहेत, त्यांत शाळेचे दोनशे भरले तर जागा अडणार नाहीं. वाळवी लागलेल्या वह्यांना उगीच हात लावावयाचा नाहीं, त्या जाणत्या माणसाला दाखवूं. लोकल बोर्डाच्या काळचे ठराव शोधावे लागतील. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली तेव्हां जुनें दप्तर कोठें गेलें याचा माग जिल्ह्याच्या ठिकाणीं काढावा लागेल, त्याला दोन माणसें हवींत. म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून घ्यावयाचें, आणि तें आधीं बौद्धवाड्यापासून व मांगवाड्यापासून, मग वरच्या आळींत. बायकांनाहि विचारा. तिसरींतून काढून घेतलेल्या आपल्या आज्या अजून आहेत, त्यांना पाढे अजून येतात. जें ऐकलें तें ऐकीव म्हणून लिहा, जें कागदांत आहे तें कागदांतलें म्हणून लिहा, दोहोंचा काला करूं नका. आणि एक सावधगिरी : रजिस्टरांत जाती आहेत, नापास झाल्याच्या खुणा आहेत, कोणाच्या घरच्या गोष्टी आहेत. आजच्या माणसाला खालीं पाहावें लागेल असें नांवानिशीं कांहीं छापूं नका. त्यांतून एक लहानसें पुस्तक होईल. तें आपण छापूं, तालुक्याच्या वाचनालयांत ठेवूं, इतिहास लिहिणाऱ्यांकडे पाठवूं. त्यांतले दोघे तिघे त्यावर कांहीं लिहितील, कोणी चुका काढील. काढूं द्या. मग कोशवाल्यांना दुसरें पत्र धाडूं, आणि त्या वेळीं चार शब्द सुनवावयाचे असतील तर तें काम आमच्याकडे लागलें.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतों, नाहींतर कोणी म्हणेल कीं भाषणकर्त्यानें मुख्य तेंच सांगितलें नाहीं. नोंद झाली म्हणून शाळा वांचत नाहीं. या शाळेचा पट आज किती उरला आहे तें या सतरंजीकडे पाहून दिसतें. वीसच्या खालीं पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करावयाची योजना २०२३ सालीं सरकारनें पुढें केली तेव्हां कित्येक गांवांच्या पोटांत गोळा उठला होता. एक किलोमीटरच्या आंत लहान मुलांना शाळा मिळावी असा नियम आहे. पण मुलेंच पिवळ्या गाडींत बसून तालुक्याला गेलीं तर नियम कोणासाठीं? टिपण लिहिणाऱ्या चौघांपैकीं दोघांचीं मुलें त्या गाडींत असतात. आम्ही नांवें घेत नाहीं, ते येथें बसले आहेत आणि आमचे भाचे लागतात. ज्या शाळेची थोरवी तुम्ही कोशाला सांगतां, तिच्यांत आपलें मूल कां घालीत नाहीं, हें कोशवाल्यांनीं विचारलें नाहीं. आम्ही विचारतों. उत्तर आज नको. गुरुजी एकच आहेत आणि वर्ग चार आहेत, ही तुमची तक्रार खरी आहे. ती घेऊन ग्रामसभेंत चला, आम्ही तुमच्या बरोबर येतों.

रविवारीं सकाळीं आठ वाजतां गुरुजी ऑफिस उघडणार आहेत. ज्यांचें अक्षर वाचण्याजोगें आहे अशीं सहा माणसें हवींत, त्यांत दोन मुली असाव्यात. मोडी वाचणारा एकजण लागेल, कारण शेरेबुकाच्या पहिल्या कांहीं पानांवर कोणाची तरी मोडी सही व मजकूर आहे, तो आम्हांला लागला नाहीं. आबा येणार आहेत. त्यांच्यासाठीं खुर्ची आंत, खिडकीपाशीं ठेवा. आणि येतांना प्रत्येकानें एक जुनें धुतलेलें फडकें आणावें, धूळ फार आहे.